तंबोऱ्याचं पुस्तक: विषय ठरण्यापासून वाचक सापडेपर्यंतच्या नोंदी

काम: सांगली-मिरज परिसरातल्या एका विषयावर १२८ पानांचं माहितीपर मराठी पुस्तक. माणसं तीन: लिहिणारा, चित्रं काढणारा, हिशेब आणि पत्रव्यवहार बघणारी. ज्यांना असंच पुस्तक करायचं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून चुकलेलं खोडलेलं नाही.

९ जून २०२५

विषयांची पहिली यादी. चार विषय उरले: कृष्णेचा पूर, हरिपूरची हळदीची पेवं, तासगावचा बेदाणा, मिरजेची तंतुवाद्यं. चारही आवडीचे आहेत, त्यामुळे आवड ही कसोटी इथं कामाची नाही. प्रत्येक विषयापुढं दोन ओळी लिहायच्या ठरल्या. हे वाचायला कोण पैसे देईल? आणि तो माणूस आत्ता, आज दुपारी, कुठं उभा आहे?

पूर: आयर्विन पुलाखाली ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वाचक म्हणाल तर अख्खं शहर. पण त्याला माहिती हवी असते ती ऑगस्टमध्ये, तासातासाला, आणि ती फोनवर फुकट मिळते. पाणी ओसरलं की पुराचं पुस्तक कुणी विकत घेत नाही. बाद.

पेवं: जमिनीखाली हळद साठवण्याची पद्धत, २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विषय सुंदर, पण वाचक विखुरलेला. व्यापारी ओळखीपुरतं वाचेल, अभ्यासक ग्रंथालयात वाचेल. दिवाळी अंकातला मोठा लेख होईल, पुस्तक होणार नाही. लेखासाठी राखून ठेवला.

बेदाणा: वाचक पक्का, शेतकरी. मात्र त्याला लागतं ते या हंगामाचं. फवारणी, रॅकवरची सुकवणी, दर. छापून येईपर्यंत शिळं. शिवाय कृषितज्ज्ञाचा अधिकार लागतो, तो आपल्याकडं नाही.

तंतुवाद्यं: उत्तर लगेच आलं नाही. म्हणून इथं थांबून आणखी बघायचं ठरलं.

१४ जून

‘मिरजेची तंतुवाद्य परंपरा’ असं शीर्षक धरून प्रकरणांचा आराखडा केला. अकरा प्रकरणं झाली. वाचून बघितली तर एकातही प्रश्न नव्हता, सगळी नुसती नामं: उगम, विकास, कारागीर, स्थिती, आव्हानं. असा आराखडा कुठल्याही गावाच्या कुठल्याही धंद्याला चिकटवता येतो. विषय अजून ठरलेलाच नाही याची ही खूण धरायची.

आराखडा बाजूला ठेवून प्रश्नवही सुरू केली. नियम तीन. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. आपण सुचवलेला प्रश्न लिहायचा नाही. प्रश्नापुढं जागा आणि विचारणारा कोण, एवढंच (शिकणारा, शिक्षक, पालक, वादक). नाव नको.

२३ जून

तीन दिवस मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या परिसरातल्या दुकानांत. परवानगी घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते टिपायचं. मध्ये बोलायचं नाही. हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत खरं वाचक-सर्वेक्षण आहे. घरी जाऊन ‘तुम्हाला अमुक विषयावर पुस्तक वाचायला आवडेल का?’ असं विचारलं तर आपल्याकडं माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळं त्या होकाराला किंमत नसते. दुकानात पैसे खर्च करायला आलेला माणूस मात्र नेमकं बोलतो.

वहीत आलेले प्रश्न, जसेच्या तसे:

‘घरी नेला की आवाज असा येत नाही, का?’ ‘खुंटी रात्रीत सरकते.’ ‘तार नेहमी त्याच जागी तुटते.’ ‘जवारी गेली म्हणजे नक्की काय गेलं?’ ‘मुलगी काळी चारमध्ये गाते, हा चालेल का?’ ‘एसटीनं न्यायचा तर कसा न्यायचा?’ ‘मोबाईलवर तंबोरा वाजतोच की, मग हा कशाला घ्यायचा?’

इतिहासाबद्दल प्रश्न एकच आला, तोही वाद्य बांधून होईपर्यंत वेळ काढायला.

पुस्तकाचा विषय त्या दिवशी बदलला. सतार गळाली, परंपरा गळाली. राहिलं ते इतकं: तंबोरा घरात आल्यावर त्याचं काय करायचं.

२ जुलै

बाजारात आणि ग्रंथालयात काय आहे ते तपासलं. पद्धत साधी. एकाच प्रश्नाचं उत्तर (‘खुंटी सरकते, काय करू?’) मिळेल त्या प्रत्येक पुस्तकात शोधायचं. परीक्षेच्या पुस्तकांत तंबोऱ्याची आकृती आणि भागांची नावं असतात: भोपळा, तबली, दांडी, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी), अटी, तारगहन, खुंट्या (तारा ताणायच्या), मणी (घोडी आणि लंगोटाच्या मध्ये तारेत ओवलेले), लंगोट (भोपळ्याच्या बुडाशी तारा अडकवायची पट्टी). विद्यार्थी ती पाठ करून लिहितो. खुंटी सरकल्यावर करायचं काय, ते पाहिलेल्या पुस्तकांत सापडलं नाही. कलावंतांची चरित्रं भरपूर, रागांची पुस्तकं भरपूर. मधली जागा मोकळी.

मोकळी जागा दिसली की हुरळून जायचं नाही. कुणी लिहिलं नाही याचं कारण कधी कधी ‘कुणाला नकोच आहे’ हेही असतं. इथं प्रश्नवही आहे म्हणून पुढं जायचं.

१२ जुलै

वाचक कोण, याच्या तीन चौकटी आखल्या.

आतली चौकट: ज्याच्या घरी तंबोरा आहे आणि जो रोज त्याला हात लावतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या भाषेत सांगायचं तर मध्यमा पूर्णच्या पुढचा, विशारदकडं निघालेला. पुस्तक याच्यासाठी लिहायचं, प्रत्येक वाक्य याच्यासाठी.

मधली चौकट: गायनाचा क्लास चालवणारे शिक्षक. त्यांच्याकडं दोन-तीन तंबोरे असतात आणि ‘सर, हा लागत नाही’ हे रोज ऐकावं लागतं. एक शिक्षक म्हणजे वीस-तीस घरं. ते स्वतःसाठी एक प्रत घेतील आणि शब्द टाकतील.

बाहेरची चौकट: नुसता ऐकणारा रसिक. यानं घेतलं तर आनंदच, पण याच्यासाठी एकही परिच्छेद वाढवायचा नाही. बाहेरच्याला खूश करायला गेलं की ‘संगीत ही ईश्वराची भाषा’ छापाची वाक्यं आत शिरतात आणि खुंटीवाला माणूस पुस्तक मिटतो.

प्रारंभिक-प्रवेशिकेचे, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षांचे विद्यार्थी संख्येनं सगळ्यांत जास्त, पण त्यांच्याकडं तंबोरा नसतो. फोनवरचं ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. मोठ्या आकड्याचा मोह इथं सोडला.

२८ जुलै

पावसानं प्रश्नवही भरली. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खुंट्या ढिल्या पडून सरकतात. पावसाळ्यात त्याच फुगून घट्ट बसतात आणि माणसं पक्कड लावतात. पक्कड लावली की खुंटीचं डोकं तरी तुटतं, नाही तर भोकाची कड तरी फुटते. सरकणाऱ्या खुंटीला कोरड्या खडूची भुकटी आणि फिरवताना आत दाब. अडकलेल्या खुंटीला घाई नाही, तार आधी मोकळी करून हातानंच मागंपुढं हलवायची. बारीक फरक मण्यानं काढायचा: मणी लंगोटाकडं ओढला की सूर चढतो, घोडीकडं आणला की उतरतो.

शिकण्यासारखी गोष्ट ही की प्रश्नांना हंगाम असतो. प्रश्नवही फक्त जूनमध्ये भरली असती तर अडकलेली खुंटी पुस्तकात आलीच नसती. माहितीपर पुस्तकाचा विषय शेतीचा असो, वाद्याचा असो की करभरण्याचा, निदान दोन ऋतू वही उघडी ठेवावी.

१७ ऑगस्ट

सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न जवारीचा, आणि त्यावरच सर्वांत मोठा निर्णय.

जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला अगदी हलका उतार. तार त्या उतारावर घासटत थरथरते आणि तो भरलेला, गुंजणारा आवाज निघतो. वापरानं तारेखाली खाच पडते, तार उतारावर न टेकता खाचेत बसते, आवाज बंद होतो. मग कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन पाठ पुन्हा बसवतो. वाचकाला हे घरी करायचं असतं. ‘कानस कशी फिरवायची ते दाखवा’ असं वहीत किती तरी जणांनी म्हटलं आहे.

पहिल्या मसुद्यात दाखवलं होतं, पाच पायऱ्यांत. मिरजेतल्या एका बुजुर्ग कारागिराला वाचून दाखवलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, ‘लिवलंय बरोबर. पर हे वाचून जो कानस लावंल, त्याची घोडी मलाच बदलावी लागंल.’ हाताला किती दाब हे शब्दांत येत नाही. कानशीचा एक हात जास्त फिरला की गेलेलं परत आणता येत नाही.

पाचही पायऱ्या काढल्या. त्या जागी आलं: जवारी गेली हे कसं ओळखायचं (तार आणि घोडीच्या मध्ये घातलेलं सूत सरकवूनही आवाज उघडत नाही, घोडीवर नखाला खाच लागते, चारपैकी एकच तार मेल्यासारखी वाटते), कारागिराकडं कधी न्यायचं, नेताना काय सांगायचं (आपली पट्टी म्हणजे गाण्याचा सा कुठला, जवारी खुली म्हणजे झणझणती हवी की गोल म्हणजे मऊ), आणि काम झाल्यावर दुकानातच काय ऐकून घ्यायचं.

वाचकाच्या मागणीतली नेमकी कोणती पुरी करायची नाही, हे ठरवणं लेखकाचंच काम आहे. आणि त्याचा परिणाम विक्रीवरही झाला, तो पुढं डिसेंबरच्या नोंदीत आहे.

६ सप्टेंबर

नमुना छापून चाचणी. एक फर्मा म्हणजे १६ पानं, साध्या प्रिंटरवर काढून, स्टेपल मारून. प्रकरण सुताचं. ‘वाचून अभिप्राय द्या’ म्हटलं नाही. वाचणाऱ्याच्या मांडीवर तंबोरा आणि समोर पुस्तिका ठेवली, आपण बाजूला बसून फक्त हातांकडं बघितलं.

विशारद प्रथमची एक विद्यार्थिनी. चौथी तार, खर्जाची, पितळी. छेडली तर ‘ठक्’ असा कोरडा आवाज, मागं गुंजन नाही. मजकुरात वाक्य होतं: ‘सूत किंचित पुढं घ्या.’ तिनं सुताची दोन्ही टोकं धरली आणि थांबली. एकदा खुंट्यांकडं बघितलं, एकदा भोपळ्याकडं. मग सूत स्वतःकडं ओढलं, म्हणजे आडवं, तारेखालून बाहेरच आलं. परत घालायला तार उचलावी लागली, तिसरी तारही हलली, जोड (मधल्या दोन सारख्या तारांचा मेळ) बिघडला. चार मिनिटं गेली. दोष पूर्ण वाक्याचा. तंबोरा उभा धरणाऱ्याला ‘पुढं’ एक दिशा असते, आडवा ठेवणाऱ्याला दुसरी.

नवं वाक्य: ‘सुताची दोन्ही टोकं धरा. तार छेडत राहा. सूत खुंट्यांच्या दिशेनं केसभर सरकवा. आवाज आणखी बसला तर उलट, लंगोटाच्या दिशेनं केसभर. आवाज उघडला की टोकं सोडा, आणखी हलवू नका.’ शेजारी रेखाचित्र, दोन बाण, बाणांवर ‘खुंट्या’ आणि ‘लंगोट’.

दुसऱ्या वाचकाकडं हेच वाक्य दिलं. तिसऱ्या सरकवण्यात तार बोलायला लागली, आणि त्याचे हात आपोआप थांबले. त्यानं पुस्तिकेकडं पुन्हा पाहिलंच नाही.

चाचणीत निघालेलं आणखी थोडं: शिवणयंत्राचा गुळगुळीत धागा जागेवर राहत नाही, साधं सुती सूत लागतं. ‘किंचित’, ‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द जिथं जिथं होते तिथं तिथं हात थांबले. संपूर्ण मसुद्यात हे तीन शब्द शोधून काढायचे. फोटोंपेक्षा रेखाचित्रं चालतात. पॉलिशवर उजेड चमकतो आणि फोटोत सूत दिसतच नाही.

२७ सप्टेंबर

मिरजेच्या अंबाबाईच्या देवळातल्या नवरात्र संगीत महोत्सवात दोन संध्याकाळी. गर्दी श्रोत्यांची, बाहेरच्या चौकटीतली. पत्रकं कौतुकानं घेतली गेली आणि खुर्चीवर राहिली. ज्यांच्याशी बोलणं झालं ते मंचामागं तंबोरे जुळवणारे शिष्य. पुढच्या वेळी पत्रकं मंचामागंच द्यायची, वीसच छापायची.

१५ ऑक्टोबर

इतिहासाचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. पूर्ण टाकून देणं मनाला पटत नव्हतं आणि ते बरोबरही नाही. मिरजेत १९ व्या शतकाच्या मध्याला शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी माणसं तंतुवाद्यांकडं वळली, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्या सुरुवातीशी जोडलेलं आहे, संस्थानाचा आश्रय होता. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं विष्णु दिगंबर पलुसकर इथंच गाणं शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२-१९३७) मिरजेचे झाले, मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांची आठवण आजही गाण्यानं जागी ठेवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इतकं सगळं असताना वाचकाला फक्त खडूची भुकटी द्यायची?

उपाय सापडला तो प्रश्नवहीतच. इतिहास वेगळ्या प्रकरणात न घालता, ज्या प्रश्नाला तो उत्तर देतो त्याच्या पोटात घालायचा. ‘भोपळ्याला तडा गेला, दुसरा मिळेल का?’ या प्रश्नात पंढरपूर-मंगळवेढा भाग येतो, तिथले मोठ्या जाड सालीचे भोपळे, ते वाळवणं, नेमक्या घेराचा मिळायला लागणारा वेळ. ‘दुरुस्तीला मिरजेलाच का पाठवायचा?’ यात शिकलगार येतात: ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या धातू घासून पातळ करण्यात तयार झाले, त्यांच्याकडं जवारीचं काम का रुजलं हे वाचकाला तिथंच उमगतं. ‘दांडीचं लाकूड कुठलं?’ यात तून नावाचं झाड येतं. कुठल्याही प्रकरणात इतिहासाची दोन पानांपेक्षा जास्त सलग भरती नाही.

ऐकीव गोष्टींचा नियम: दोन वेगळ्या घराण्यांकडून सारखी आली आणि छापील आधार मिळाला तरच ‘असं झालं’. फक्त तोंडी असेल तर ‘असं सांगतात’. आपल्याला आवडली म्हणून बढती नाही. हा नियम लावल्यावर तीन छान गोष्टी गेल्या. वाईट वाटलं, पण ज्यांच्या घरच्या त्या गोष्टी आहेत तीच माणसं हे पुस्तक उघडून बघणार आहेत.

कारागिरांच्या फोटोंसाठी लेखी संमती, मराठीत, एका पानावर, फोटो कुठं छापला जाईल तेही लिहून. पॉलिशच्या मिश्रणासारखी घरची गुपितं कुणी ओघात सांगितली तरी छापायची नाहीत. बसून माहिती देण्यात गेलेल्या वेळाचे पैसे द्यायचे, तो खर्च खाली हिशेबात धरला आहे.

१ नोव्हेंबर

‘खुला आवाज’ आणि ‘बंद आवाज’ हे कागदावर लिहून कळत नाही. आठ ध्वनिमुद्रणं केली, प्रत्येकी ४० सेकंद, एकाच खोलीत, एकाच फोननं, हाताच्या अंतरावरून. भारी माईक मुद्दाम टाळला, कारण वाचक आपल्या घरचा आवाज फोनवरच मुद्रित करून ताडून बघणार.

क्यूआर कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. दुवा थेट एखाद्या व्हिडिओ संकेतस्थळाचा छापला आणि उद्या तो बदलला तर सगळी आवृत्ती मुकी होते. म्हणून स्वतःच्या नावाचा पत्ता घेऊन त्यावरून पुढं वळवायचं, वर्षाचं नूतनीकरण कोण करणार त्याचं नाव वहीत लिहून ठेवायचं. चाचणीचा कागद छपाईचाच वापरायचा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटखाली कोड वाचला गेला नाही.

१६ नोव्हेंबर

आकार आणि आकडे.

डेमी १/८, साडेपाच बाय साडेआठ इंच. ८ फर्मे, १२८ पानं. सुरुवातीची ८ पानं आणि चित्रांची २० वजा जाता मजकुराला १००. पानाला सरासरी २८० शब्द धरले तर २८,००० शब्द. मसुदा ३६,००० वर गेला होता. पानं वाढवण्याऐवजी मजकूर कापला, बाहेरच्या चौकटीसाठी लिहिलेलं सगळं त्यात गेलं.

कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम), नॅचरल शेड, २३ बाय ३६ इंच. एका पूर्ण तावातून ३२ पानं, म्हणजे प्रतीला ४ ताव, ५०० प्रतींना २,००० ताव, म्हणजे ४ रीम. वर नासधूस धरून अर्धा रीम.

किमतीसाठी गृहीत धरलेले आकडे (प्रत्येकानं आपल्या छापखान्याचे घालावेत): ५०० प्रतींची छपाई-बांधणी प्रतीला ६० रुपये, एकूण ३०,०००. चित्रं, मांडणी, माहितगारांचं मानधन २५,०००. एकूण ५५,०००. किंमत २०० ठेवली आणि विक्रेत्याला ४० टक्के दिले तर हातात १२०, खर्च निघायला ४५९ प्रती खपायला लागतात. ५०० मधल्या ४५९, हे होत नाही. किंमत २५० ठेवली तर दुकानातून १५०. प्रकाशनपूर्व सवलतीत २०० रुपयांना थेट दिली तर टपाल आणि पाकीट २५ वजा जाता १७५. थेट १५० गेल्या तर २६,२५०, उरलेले २८,७५० दुकानांतल्या १९२ प्रतींतून. एकूण ३४२. हे जमण्यासारखं आहे. भेटीच्या ३० प्रती वेगळ्या धरल्या तरी जागा राहते.

१,००० छापल्या तर प्रत स्वस्त पडते हे खरं. पण उरलेले गठ्ठे आपल्याकडच्या पावसाळ्यात ठेवायचे कुठं? ओल लागलेल्या पुस्तकाची बांधणी सुटते. ५०० वरच थांबायचं. पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळं कागदावर भरलेला कर परतही मिळत नाही, तो खर्चातच धरायचा.

८ डिसेंबर

परीक्षांचं सत्र (नोव्हेंबर-डिसेंबर, दुसरं एप्रिल-मे). क्लासच्या शिक्षकांना पत्रं गेली. पहिल्या पत्रात पुस्तकाची थोरवी होती, उत्तरं जवळपास नाहीत. दुसरं पत्र असं: वर एकच ओळ, ‘क्लासमधल्या तंबोऱ्याची खुंटी सरकत असेल तर हे पान भिंतीवर लावा’, आणि सोबत खुंट्यांचं एक पूर्ण पान, चित्रासकट. खाली लहान अक्षरात पुस्तकाचं नाव, सवलतीची किंमत, शेवटची तारीख. फोन यायला लागले. पान भिंतीवर लागलं की ते पालकांनाही दिसतं.

दुकानांचंही जमलं. जवारीचं काम ‘कारागिराकडं न्या’ असं लिहिल्यामुळं पुस्तक दुकानाच्या आड येत नाही, उलट बिघडवून आणलेली वाद्यं कमी होतील असं दुकानदारांना वाटलं. नवा तंबोरा देताना पिशवीत एक प्रत घालायची कल्पना त्यांचीच. कानशीच्या पाच पायऱ्या ठेवल्या असत्या तर हे दार बंद होतं.

शीर्षकाची चाचणीही इथंच, काउंटरवर. तीन मुखपृष्ठं नुसती छापून ठेवली, गिऱ्हाईक कुठलं उचलतं ते बघितलं. ‘तंबोरा घरात आल्यावर’ उचललं गेलं.

१० जानेवारी २०२६

साताऱ्याचं साहित्य संमेलन झालं (१ ते ४ जानेवारी). प्रत हातात नसताना गाळा घेण्यात अर्थ नव्हता, तो खर्च वाचवला हे बरोबरच. संमेलनात माहितीपर पुस्तक उलगडून, चित्र बघून घेतलं जातं. औदुंबरला संक्रांतीच्या संमेलनातही तेच. दोन्हीकडच्या ग्रंथपालांना भेटून ठेवायचं, ग्रंथालयांची खरेदी आर्थिक वर्षाच्या शेवटाकडं होते.

१४ फेब्रुवारी

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) ऑनलाइन अर्ज करून मिळाला, त्याला शुल्क नाही. प्रकाशनानंतर ३० दिवसांत, ग्रंथालयांना पुस्तकं देण्याच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणं, राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या, त्या भेट-प्रतींत आधीच धरल्या आहेत.

टपाल: नोंदणीकृत बुकपोस्ट डिसेंबर २०२४ पासून बंद. मे २०२५ पासूनच्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. आपली प्रत तोलून पाहिली: आतले ६४ कागद साधारण १३५ ग्रॅम, मुखपृष्ठ धरून १५५ च्या आसपास, पुठ्ठा आणि पाकिटासह २०० च्या आत. या सवलतीत जाहिरात चालत नाही, म्हणून मागच्या पानावरची दुकानाची देऊ केलेली जाहिरात नाकारली. प्रत पाठवताना चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, नाही तर कोपरे मुडपून पोचतात.

२२ मार्च

पहिल्या छपाईत सापडलेलं, दुसऱ्या छपाईसाठी:

पान ४१, बाण उलटा छापला आहे. मूळ चित्र बरोबर, मांडणीत आरशासारखं फिरलं. पाठवायच्या सर्व प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी घातली, दुकानांतल्या प्रतींतही जाऊन घातली.

पान ७३, पहिल्या तारेवर पंचमाऐवजी मध्यम किंवा निषाद कधी लावायचा ही एक ओळ तीन वाचकांनी अपुरी म्हटली. रागांच्या उदाहरणांसह अर्धं पान हवं.

पाचवा क्यूआर कोड पानाच्या घडीत गेला आहे, बाहेरच्या समासाकडं ८ मिलिमीटर सरकवायचा.

प्रश्नवहीत आठवडाभरात आलेला नवा प्रश्न, एका शिक्षिकेचा: ‘डाव्या हातानं छेडणाऱ्या मुलीला तंबोरा कसा लावून द्यायचा?’ याचं उत्तर पुस्तकात नाही. सोमवारी मिरजेला जाऊन विचारायचं, सोबत तिचा तंबोरा न्यायचा.